हिवराजच्या बोलण्यातली सवड

हिवराज पटलेचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही चांगलं बोललो तर ते नाइलाजानं बोललो असं समजून चालता येईल.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी माझी बदली नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मी मेश्राम, विज्ञान आणि गणित शिकवणारा, फळ्यावर रोज नीट तारीख घालणारा माणूस. रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी मला वर्गावर्गातून फिरवलं. सातवीची पोरं टाटपट्टीवर हसून हसून लोळत होती आणि एक काटकुळा माणूस, काखेत छत्री धरून, इतिहास शिकवत होता. पावसाळा संपून महिना झाला होता. छत्री कशाला, असं मी विचारलं.

"एकटी घरी राहत नाई जी ते," तो म्हणाला, आणि पोरं पुन्हा लोळली.

माझ्या वर्गात पोरं मोकळेपणी हसली ती एकदाच, माझ्या पँटची शिवण उसवली तेव्हा.

हिवराज जातीनं पोवार, घरी पोवारी बोलायचा, शाळेत मराठी, गोंदियाला गेला की हिंदी, आणि तिन्ही भाषांत त्याला उत्तर द्यायला श्वास घ्यावा लागत नसे. एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. हिवराजच्या वर्गात नेहमीसारखा बाजार भरलेला. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "गुरुजी, हा काय गोंधळ?" हिवराज म्हणाला, "सायेब, तुमी येनार मनून दोन दिवस पोट्टे गच्च भरून ठेवले होते. आता सांडून राह्यले." साहेब हसले, चहा प्याले आणि शेरा चांगला देऊन गेले. त्याच साहेबांनी माझ्या चिडीचूप वर्गात येऊन घड्याळ पाहिलं होतं.

त्याचा चहा मात्र कधी संपायचा नाही. कप उचलायचा, तोंडाजवळ न्यायचा, तेवढ्यात काहीतरी सुचायचं आणि कप तसाच खाली. शाळेतल्या शिपायानं त्याच्या थंड चहाचा पुन्हा चहा करायची रीत पाडली होती. मनात आलं की ते झालंच पाहिजे, मधे काही नाही. एकदा खडू आणायला अर्जुनीला गेला आणि शेळी घेऊन आला. का घेतली, तर म्हणे, "तिनं माझ्याकडं पायलं जी." यशोदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, कपाळाला हात लावला आणि शेळीला चारा घातला. राजीनामा तर त्यानं माझ्या देखत तीनदा लिहिला, कुणी काही लागेल असं बोललं म्हणून. हेडमास्तर तो मुकाट्यानं खिशात ठेवत. दुसऱ्या दिवशी हिवराजच त्यांना विचारी, "काल मी काऊन लिवला होता जी?"

गाव त्याच्यावर खूश होतं. इतकं की आमच्या विहारात चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायलासुद्धा माझ्याच लोकांनी त्यालाच बोलावलं. मी समितीचा सदस्य. मला वाटलं होतं, यंदा माझं नाव येईल. एकजण म्हणाला, "मेश्राम मास्तर चांगलेच हायेत, पन हिवराजभाऊ असला का लोक उठून जात नाईत." मी खुर्च्या मोजून आणायचं काम केलं. हिवराज त्या दिवशी अप्रतिम बोलला. बायाबापड्यांना आधी हसवलं आणि मग गप्प करून रडवलं, आणि मी मागच्या रांगेत बसून त्याच्या बोलण्यात एखादी चूक सापडते का ते शोधत होतो. एकही सापडली नाही.

पण त्याचं खरं राज्य होतं नाटकात. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, दंडारीचा नाच, जिलेबी, फुगे, पाहुणे. आणि नंतर नाटक. लेकीबाळी माहेरी येतात त्या दिवाळीला एकदा आणि मंडईला एकदा. आमच्या गावचं स्वतःचं नाट्यमंडळ होतं, आणि नाटक कुठलंही बसवा, त्यात एक आगाऊ नोकर असायचा, आणि तो नोकर हिवराज असायचा. मला मंडळात घेतलं ते प्रॉम्प्टर म्हणून. मास्तरांचे उच्चार स्वच्छ, डोळे चांगले, आणि आवाज, अध्यक्षांच्या शब्दांत, "मागून बरा."

प्रॉम्प्टरनं पडद्याआड बसून पुस्तकातलं प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणायचं असतं. म्हणजे नाटक मीच आधी करायचो. टाळ्या दुसऱ्याला पडायच्या, ते एक वेळ चाललं असतं. हिवराजच्या बाबतीत त्याहून वाईट व्हायचं. त्याला माझी गरजच नसायची. मी ओळ सांगावी तर तो ती सोडून भलतीच बोलायचा, आणि भलतीच चांगली असायची. एका वर्षी नायिका नवऱ्याच्या फोटोपुढे हंबरडा फोडत होती, सगळा मांडव नाक पुसत होता, आणि एक कुत्रं सावकाश चालत स्टेजवर आलं. नायिका थांबली. मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात कुत्रं नव्हतं. हिवराजनं खांद्यावरचा टॉवेल झटकला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "या अध्यक्षसायेब. तुमचीच वाट पाहून राह्यलो." आमचे अध्यक्ष शेंडे पहिल्या रांगेत हार घालून बसले होते. मांडव कोसळतो की काय असं वाटलं. कोसळला असता तरी लोक हसत राहिले असते.

मलाही त्या प्रसंगाला साजेसं एक वाक्य सुचलं. तिसऱ्या दिवशी, आंघोळ करताना.

आता दुसरी गोष्ट. वर्षातून एकदा, कधी दोनदा, हिवराज विझायचा. तीच खुर्ची, तीच छत्री, पण आत कोणी नाही. आधी शाळेत यायचा आणि वर्गासमोर नुसता उभा राहायचा. मग रजेचा अर्ज यायचा, त्यात लिहिलेलं असायचं अंगात कणकण. गावाकडे कारणं तयार होती. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे दुसऱ्या मंडळानं करणी केली, कोणी म्हणे नाटक्या माणूस, नाटक करून राह्यला. पण भेटायला सगळे जायचे. ढीवर मासे घेऊन जायचे, शेजारी नवे पोहे, अध्यक्ष स्वतः जाऊन खाटेशी बसायचे. मी टायफॉइडनं तीन आठवडे झोपलो होतो तेव्हा मला पाहायला एक शिपाई आला होता, तोही कपाटाची किल्ली मागायला. खोटं कशाला सांगू, हिवराजच्या दुःखाचासुद्धा मला हेवा वाटला.

तो हेवा उतरला एका दुपारी. यशोदावहिनी शाळेत आल्या, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून, आणि म्हणाल्या, "भाऊजी, मले भेव लागून राह्यला. काल मनत होते, मी नसलो तं तुमचं बरंच होईल. तुमी शिकलेले. याइले कोनत्या डाक्टरकडं नेऊ?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघालो. कोहमाऱ्याला गाडी बदलली. गोंदियाच्या एका गल्लीत मनाच्या आजारांचे डॉक्टर होते. दवाखान्याच्या पाटीखाली उभं राहायला लोकांना लाज वाटायची म्हणून ते शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लावायचे. डॉक्टर हळू बोलणारे, जाड चष्म्याचे. त्यांनी हिवराजशी बराच वेळ बोलून झाल्यावर आम्हा दोघांनाही आत घेतलं आणि मला विचारलं, "मास्टरजी, ये शुरू से ही इतने तेज़ हैं? मन में आया और कर दिया?"

मी शेळीची गोष्ट सांगितली, राजीनामे सांगितले. कुत्र्याची सांगितली नाही. इथेही तोच भाव खाऊन गेला असता.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "देखिए, उदासी तो बहुतों को होती है. सब अपनी जान लेने पर नहीं उतर आते. उदासी एक चीज़ है, उतावलापन दूसरी. दोनों एक ही आदमी में मिल जाएँ, तब मुझे डर लगता है. दिमाग़ में कुछ रसायन होते हैं, मन का रंग भी सँभालते हैं और ब्रेक का काम भी करते हैं. इनका ब्रेक ज़रा ढीला है. अच्छे दिनों में उसी से लोग हँसते हैं. बुरे दिनों में वही ख़तरा है. गोली से ख़याल और हाथ के बीच थोड़ी जगह बन जाएगी. बस उतनी जगह में आदमी बच जाता है." आणि जरा थांबून म्हणाले, "सब कुछ केमिकल ही है, ऐसा भी मत समझिएगा. घर है, दोस्त हैं, बातें हैं. पर केमिकल भी है. और गोली अपने मन से बंद नहीं करनी है. मुझसे पूछे बग़ैर एक दिन भी नहीं."

परतीच्या गाडीत हिवराज खिडकीशी बसला होता. गोरेगाव मागे पडलं. मग म्हणाला, "मंजे माझा इनोद बी रसायनच का जी, मास्तर?"

मी विज्ञानाचा शिक्षक. मी म्हणालो, "तसं सरळ म्हणता येत नाही." पण आतून मला जे समाधान वाटलं ते इतक्या वर्षांत कोणत्या पुस्तकानं दिलं नव्हतं. म्हणजे मी कमी नव्हतो. आमचं मिश्रण वेगळं होतं, एवढंच. त्याचा ब्रेक ढिला म्हणून तो हिवराज, माझा घट्ट म्हणून मी मेश्राम. घरी पोचेपर्यंत मी जवळजवळ त्याच्यावर प्रेम करत होतो.

गोळीला वेळ लागला. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं, दोन-तीनदा बदलूनही दिली. पण हळूहळू हिवराज उजळला. आणि त्याच्या बोलण्यात एक नवीन गोष्ट आली. कोणी काही विचारलं की तो उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबायचा. अगदी थोडा. दुसऱ्या कोणाच्या बोलण्यात ते लक्षातही आलं नसतं. त्याच्या बोलण्यात ती सवड म्हणजे गावात नवीन रस्ता झाल्यासारखी होती, सगळे थांबून पाहायचे. चहा तो आता शेवटपर्यंत आणि गरम प्यायचा. यशोदावहिनी आनंदात होत्या. राजीनामा एकदाही लिहिला नाही. पोरांनाही तो आवडायचा, फक्त ती लोळायची नाहीत.

त्याला स्वतःला मात्र ते जमत नव्हतं. एकदा मधल्या सुटीत मला म्हणाला, "मास्तर, गोळी घेतल्यावर जो रायते तो मी, का न घेता जो होतो तो मी?"

"दोन्ही तूच."

"मंग लोक एकाचीच आठवन काऊन काढते?"

यावर मला त्या दिवशी काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशीही सुचलं नाही.

त्या वर्षी तालीम सुरू झाली. संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर, ट्यूबलाइटखाली. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा हिवराजनं माझ्याकडे पाहिलं. नोकराचं वाक्य आलं, त्यानं तोंड उघडलं, ती सवड आली, आणि त्या सवडीत मी पुस्तकातली ओळ टाकली. त्यानं ती घेतली. पुन्हा सवड, पुन्हा मी. त्या अर्ध्या श्वासाच्या जागेत मी राहायला गेलो होतो. इतकी वर्षं नाटक करतोय आणि आज कुठे मला भूमिका मिळाली, असं मला वाटत होतं. माझा आवाज चढला. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, हळू, तुमीच आयकू येऊन राह्यले."

पाचव्या की सहाव्या तालमीला अध्यक्ष शेंड्यांनी खुर्ची ओढून हिवराजसमोर घेतली. चांगला माणूस. भाताचा व्यापार करायचा, नाटकावर जीव. आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "हिवराजभाऊ, राग मानू नोको. पन तुझा डायलॉग पडून राह्यला बापा. लोक पाहुनेराहुने घेऊन येतात ते तुझ्यासाठी. ते गोळ्या मंडईपुरत्या बंद ठेव ना. गानारा मानूस नाटकाच्या आंधी दही सोडते, तसं समज. मंडई झाली का मंग घेजो."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. गाणाऱ्यानं दही सोडावं, पहिलवानानं ताक सोडावं, तसं नटानं गोळी सोडावी. आमच्याकडे नाटकासाठी लोक याहून जास्त काय काय सोडतात. हिवराजचं तोंड उजळलं. त्याला हवा तो जुना हिवराज परत मागणारं कोणीतरी भेटलं होतं.

मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर सांगितलंय."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुमी तं जळताच जी त्याच्यावर, मास्तर. साऱ्या गावाले मालूम हाये."

ओसरीवर कोणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनाच ते पटलं होतं. मलाही पटलं होतं. मी जळत होतो, ते खरं. हिवराज असाच थोडा मंद राहावा, माझ्याकडे पाहत राहावा, असं मला वाटत होतं, तेही खरं. आणि गोळ्या बंद करणं जिवाशी खेळ होता, हेही तितकंच खरं. पण जळणाऱ्या माणसानं खरं सांगितलं तरी ते धुरासकट बाहेर येतं. मी आणखी दोनदा सांगितलं, यशोदावहिनींच्या कानावरही घातलं. त्या बोलल्या, भांडल्या. हिवराज त्यांच्यासमोर गोळी तोंडात घ्यायचा आणि ओसरीच्या कडेला जाऊन थुंकायचा. हे नंतर कळलं.

मंडईच्या नाटकात तो पुन्हा तोच हिवराज होता. त्याहून जास्त. त्यानं माझी एक ओळ घेतली नाही. नायकाला बोलू दिलं नाही, खलनायकाला हसवलं, शेवटी पेटीवाल्याशी भांडण काढलं आणि तेही लोकांनी डोक्यावर घेतलं. पाहुणे म्हणाले, असा नोकर साऱ्या झाडीत नाही. अध्यक्षांनी मला डोळा मारला. मी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बसलो होतो, पानं उलटायचीही गरज नव्हती. मला इतका मत्सर वाटत होता की पोटात दुखायला लागलं.

धान कापणी संपून मळणी सुरू झाली आणि हिवराज उतरायला लागला. या वेळी फार वेगानं. "डॉक्टरकडे चल," मी म्हणायचो, "अध्यक्षांची जीप मागतो." तो म्हणायचा, "जाऊ जी, मळनी होऊ द्या." शाळेत यायचा मात्र नेमानं, म्हणून बाकीच्यांना वाटायचं ठीक आहे.

एके दिवशी मधल्या सुटीत तो माझ्याजवळ येऊन बसला. त्या दिवशी तो बरा दिसत होता, हलका. म्हणाला, "मास्तर, तुमाले माझा पार्ट पाठ हाये ना?"

"सगळ्यांचेच पाठ आहेत."

"मंग पुढच्या मंडईले नोकराचा पार्ट तुमी करा. मी अध्यक्षाले सांगून ठेवलं. तुमी चांगले करसान." माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी जेवायला जातो म्हणून निघून गेला.

मी डबा उघडला होता. काय सांगू, मला भाजीची चव लागली नाही इतका आनंद झाला. टॉवेल कसा झटकायचा, कुठे थांबायचं, कुठे पहिल्या रांगेकडे पाहायचं, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून जायला लागलं. सात वर्षं मनातल्या मनात करत होतो. दोन घास खाल्ले असतील. तिसरा हातातच राहिला. तापानं फणफणलेला असताना ज्यानं बदली नट उभा राहू दिला नव्हता, तो हिवराज आपण होऊन पार्ट देतोय? आणि मला?

मी हात न धुता सायकल काढली.

घरी वहिनी नव्हत्या, खळ्यावर होत्या. हिवराज अंगणात बाजेवर बसला होता, हात मांडीवर. मला पाहून दचकला नाही. मी सायकल आडवी टाकली आणि म्हणालो, "पार्ट मला नको."

मला बोलण्यात काही सुचत नाही हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. सुचत नाही म्हणून जे मनात होतं तेच सरळ विचारलं. "हिवराज, जीव द्यायचा विचार आहे का तुझा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाव."

आणि रडायला लागला. रडता रडता म्हणाला, "मले वाटे कोनी इचारनारच नाई. सारे मनतात, हसव."

मी बाजेवर त्याच्या शेजारी बसलो आणि उठलो नाही. समोरच्या घरातल्या बाईला हाक मारून खळ्यावर निरोप धाडला. वहिनी धावत आल्या, पायाला भुसा तसाच. अध्यक्षांची जीप आली. ती चालवायला अध्यक्ष स्वतः होते, आणि गोंदियापर्यंत त्यांनी मान वळवून मागे पाहिलं नाही. हिवराज आमच्या दोघांच्या मधे बसला होता. सडक अर्जुनी गेल्यावर वहिनींनी मला हळूच विचारलं, "तुमाले कसं समजलं जी, भाऊजी?"

मी म्हणालो, "मला पार्ट देत होता."

त्यांनी एकदम पदर तोंडाला लावला. "बाप्पा," त्या म्हणाल्या, "ते तं कोनाले छत्री बी देत नाईत."

तो तीन आठवडे दवाखान्यात होता. गावात आधी बातमी फिरली की गोळ्यांनीच डोकं फिरलं. मग अध्यक्ष चावडीवर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की गोळ्या आपण बंद करायला लावल्या होत्या आणि मास्तर नाही म्हणत होता. "आमाले का मालूम जी, दह्यासारखं नसते ते." एवढं बोलून ते घरी गेले. त्या दिवशी मला त्यांचाही हेवा वाटला. असं उभं राहून बोलता आलं पाहिजे.

लोकांना वाटलं मी हिवराजचा जिवलग. अजूनही तसंच समजतात. मी ते खोडत बसलो नाही. त्याच्यावर जळत असल्यामुळे मी त्याला जितका पाहिला होता तितका त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांनी पाहिला नव्हता. ते हसायचे तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असायचे, माझे उघडे.

त्यानंतर हिवराज पुष्कळ वर्षं जगला. मधे एकदोनदा पुन्हा उतरला, पण आता तो स्वतः येऊन सांगायचा, "मास्तर, चाला गोंदियाले." झेरॉक्सच्या दुकानासमोर उभा न राहता दवाखान्याच्या पाटीखाली उभा राहायचा, आणि नव्या माणसांना हाताला धरून आत न्यायचा. नाटकात काम करायला डॉक्टरांनी कधी मनाई केली नव्हती. त्यानंच सोडलं. मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का? तो थांबला, त्याच्या त्या सवडीत, आणि म्हणाला, "पयले शब्द निंघून जाये, मंग मी त्याच्या मांगं धावत जाये. आता शब्द मले इचारते, जाऊ का? मले बरं वाटते जी. कोनी तं इचारते."

असं वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. म्हणजे रसायन बदललं तरी याचं बोलणं ते याचंच राहिलं, आणि माझ्या त्या एसटीतल्या समाधानाची माती झाली.

तो गेला निवृत्तीनंतर, लेकीकडे बालाघाटला, छातीच्या दुखण्यानं, माणसं जातात तसा. मला मातीला पोचता आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे राहिलाय तो त्याआधीचा, गावात शेवटचा पाहिलेला.

दिवाळी नुकतीच झाली होती. ओसरीवर तालीम चालू होती. नोकराचा पार्ट नव्या ग्रामसेवकानं घेतला होता. तरणा, चलाख माणूस, पुस्तकाबाहेरचं बोलणारा. माझी पोटदुखी पुन्हा सुरू झालेली. हिवराज दूध घेऊन चालला होता. तालीम दिसली म्हणून सायकल फाटकाला टेकवून उभा राहिला. त्याच वेळी ग्रामसेवकानं एक वाक्य टाकलं, पुस्तकात नसलेलं, बिनतोड. सगळी ओसरी हसली. आणि मग सगळ्यांना एकदम फाटकातला माणूस आठवला. हसू अर्धवट राहिलं. पंधरा-वीस तोंडं हिवराजकडे वळली.

मीही पाहत होतो, त्यांच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन. त्याच्या तोंडावर त्याची ती सवड होती. मनातल्या मनात मी म्हणत होतो, आता येऊ दे. एकदा तरी तुझ्या तोंडावर माझ्या ओळखीचं काहीतरी येऊ दे, म्हणजे एवढ्या वर्षांत मला कोणीतरी सोबतीला मिळेल.

हिवराज हसला. तोंडभर, मान मागे टाकून, इतका की हँडलला अडकवलेली दुधाची बरणी हलायला लागली. "वा जी ग्रामसेवक," तो ओरडला, "आनखीन एक डाव मना!" आणि डोळे पुसत, हसतच, सायकल हातानं ढकलत निघून गेला.

ग्रामसेवकानं ते वाक्य पुन्हा म्हटलं. लोक पुन्हा हसले. मग शांत झाले आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण पुढची ओळ माझ्याकडून यायची होती. मी पुस्तकावर बोट फिरवत होतो. मला जागा सापडत नव्हती.